दोन तुकड्या, एक पेपर

मागच्या वर्षी नववीच्या दोन्ही तुकड्यांची मराठीची घटक चाचणी घेतली. 'अ'ची सोमवारी, 'ब'ची बुधवारी. प्रश्नपत्रिका एकच. 'ब'मधला एक मुलगा, आमच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, एरवी सात-आठ गुणांवर अडकणारा, त्याने वीसपैकी अठरा मिळवले. उर्दू माध्यमाच्या पोरांना मराठी व्याकरण डोंगरासारखं वाटतं, त्यामुळे आधी मी खूश झालो. मग त्याला तोच प्रयोग फळ्यावर विचारला. काहीच येईना.

"पेपर कुणी सांगितला?"

"सर, मला शून्य द्या. नाव नाही सांगणार."

त्या रात्री मला वेस्ट पॉइंट आठवलं. अमेरिकेची ही लष्करी अकादमी. तिथला फुटबॉल आपला नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचं, अंगावर अंग आदळायचं. महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ ते १९४६, हा संघ एकही सामना हरला नव्हता. १९५० साली तो आठ जिंकून फक्त शेवटचा नौदलाविरुद्धचा हरला. आणि १९५१ साली? नऊपैकी दोन विजय.

मधल्या ऑगस्टमध्ये सुमारे ९० कॅडेट्सना काढून टाकण्याचं जाहीर झालं होतं. त्यांत एक तृतीयांशाहून जास्त फुटबॉलपटू. गुन्हा काय? अकादमीत दोन रेजिमेंट होत्या, त्यांना एकच पेपर वेगवेगळ्या दिवशी मिळायचा. आधी दिलेले नंतरच्यांना प्रश्न सांगायचे. खेळाडूंचा वेळ मैदानावर जायचा, म्हणून हुशार मुलं त्यांची शिकवणी घ्यायची. त्या शिकवणीतूनच ही वाट पडली. कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही, ही तिथली आचारसंहिता. पण काहींनी स्वतः कॉपी केलेली नव्हती. त्यांना माहीत होतं आणि ते गप्प राहिले, एवढंच. तेही घरी गेले.

काढलेल्यांत प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांचा मुलगा बॉबही होता, संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव आखून चालवणारा खेळाडू. बापाने राजीनामा द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. जनरल मॅकआर्थर यांनी थांबा म्हटलं, ते थांबले. हाताशी राहिली नवखी पोरं. पहिलाच सामना व्हिलानोव्हाकडून ७-२१ असा गेला. हार्वर्डकडून २१-२२, पेनसिल्व्हेनियाकडून ६-७, एकेका गुणाने. नौदलाने तर ४२-७ धुतलं. जिंकले ते कोलंबिया आणि सिटाडेलविरुद्ध. याच काळात विन्स लोम्बार्डी ब्लेक यांचे सहायक होते, पुढे अमेरिकेत दंतकथा झालेले. १९५३ साली संघाने नौदलाला २०-७ हरवलं, पण माझं मन १९५१मध्येच अडकतं. पडेल संघाला दर शनिवारी मैदानावर उतरवणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा मुलगा यादीत होता.

शिक्षा झालेल्यांबद्दल मला पूर्वी फार कणव नव्हती. बी.एड.च्या परीक्षेत माझ्या पुढच्या बाकावर चिठ्ठी फिरली होती, मी पाहिली आणि उत्तरपत्रिकेत डोकं घातलं. वेस्ट पॉइंटच्या हिशोबाने मीही घरीच गेलो असतो, आणि आज मुलांना अमानत म्हणजे काय ते शिकवतो! पण खरी टोचणी वेगळीच आहे. दोन दिवस, एकच पेपर, ही व्यवस्था मुलांनी केली नव्हती. तिथेही नाही, इथेही नाही. दुसरा पेपर काढायचा मी कंटाळा केला होता.

मी त्याला शून्य दिलं. 'अ' तुकडीत चौकशी केली नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा चूक माझी होती असं सांगितलं, त्यांना ते फारसं पटलं नाही. दोन्ही तुकड्यांची चाचणी पुन्हा घेतली, यावेळी दोन वेगळे पेपर. त्याला सहा मिळाले.

परवा सामन्यानंतर तो चिखलाने माखलेला आला. सलाम केला आणि म्हणाला, "सर, तो प्रयोग आता येतो. विचारा."

कर्मणी प्रयोगाचं एक वाक्य विचारलं. अर्धं बरोबर आलं.