गाडीच्या खणातली वही

शनिवारी सकाळी पेडण्याहून निघते. मालपे, धारगळ, मग कोलवाळच्या पुलावरून शापोरा ओलांडायची. करासवाड्याला वळलं की थिवी, अस्नोडा, मुळगाव आणि डिचोली. आई तिथे एकटी असते. मी अस्नोड्याच्या आसपास पोचते त्या सुमारास तिचा फोन येतो आणि गाडीच्या स्पीकरवर तिचा आवाज येतो, "कुठवर पोचलीस गो?"

चवथीनंतर हे बंद पडलं. गाडीच्या स्क्रीनवरचा नकाशा थिजलेला, 'कनेक्ट होत आहे' असं म्हणत एक चकरी नुसती फिरत राहिलेली, आणि आईचा फोन पर्समध्ये वाजतोय. चालत्या गाडीत मी फोन हातात घेत नाही. मी उचलला नाही की तिकडे तिचा जीव वरखाली होतो. म्हणून डॅशबोर्डच्या खणात एक शंभर पानी वही ठेवली.

*

वहीतले रकाने: दिवस. कुठे. काय दिसलं. काय केलं. काय झालं.

नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली, फोन बंद-चालू केला, सेटिंगही पुसलं आणि मग जोडणी परत आली, तर ती कशानं आली हे कळत नाही. पुढच्या वेळी तिन्ही खटपटी पुन्हा कराव्या लागतात. शाळेत नववीच्या मुलांकडून प्रयोगवही मी अशीच लिहून घेते.

*

दुरुस्तीला हात लावण्याआधी समजून घेतलेलं:

गाडीच्या स्क्रीनवर दिसणारा नकाशा गाडीत नसतोच. तो फोनमध्ये चालतो. फोन त्याचं चित्र गाडीकडे पाठवतो आणि आपण स्क्रीनवर बोट ठेवलं की तो स्पर्श उलट फोनकडे जातो. ॲपलचं कारप्ले आणि गूगलचं अँड्रॉइड ऑटो, दोन्ही २०१४ मध्ये जाहीर झाली आणि दोन्हींची मूळ रीत हीच आहे. म्हणजे बिघाडाच्या जागा तीन: फोन, गाडीची सिस्टीम आणि या दोघांमधली वाट.

बिनतारी जोडणीत वाटेचेही दोन टप्पे असतात. ब्लूटूथ आधी फोनची आणि गाडीची ओळख पटवतं. ओळख पटली की चित्र वाय-फायवरून येतं, कारण एवढा भार ब्लूटूथला झेपत नाही. कॉल गाडीत ऐकू येतोय पण नकाशा येत नाही, अशी स्थिती असेल तर अडचण दुसऱ्या टप्प्यात आहे. दोन्ही येत नसेल तर ओळखीपासूनच शोधायला हवं.

*

शेजारचे टॅक्सीवाले भाऊ मोपाच्या विमानतळावर भाडी मारतात. त्यांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "आदी केबल बदलून पळय."

खरं आहे. साध्या यूएसबी केबलच्या पोटात चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. बाजारातल्या काही स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या तारा नसतातच. अशा केबलनं फोन चार्ज होतो, म्हणून केबल चांगली आहे असं आपण धरून चालतो आणि दोष गाडीला देतो. केबल वाकून वाकून आतली एखादी तार तुटली, तरी हेच घडतं. फोनबरोबर आलेली केबल लावून पाहणं ही पहिली पायरी, आणि तिला काही खर्च नाही.

नोंद: केबल बदलली. केबलनं जोडलं की नकाशा येतो. बिनतारी मात्र अजून अडकते.

*

डिचोलीत आम्ही खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ लहानपणापासून बघत आलो. ती खिडकीच्या गजांवर बसते, तशी फोनच्या तोंडातही बसते. तिच्यात पर्सच्या कापडाचे तंतू मिसळले की आत घट्ट बूच तयार होतं आणि केबलचं टोक पुरतं आत जात नाही. वरून बसल्यासारखं वाटतं, पण खड्ड्यात गाडी आदळली की जोडणी तुटते.

फोन बंद करायचा, उजेडात धरायचा आणि लाकडी दातकोरणीनं हळूच तो गोळा बाहेर काढायचा. टाचणी किंवा सुई आत घालू नये. आतल्या बारीक पट्ट्या वाकल्या, तर फोन दुकानातच न्यावा लागेल.

*

चावी फिरवून गाडी बंद केली म्हणजे स्क्रीनही बंद झाली, असं नाही. पुष्कळ गाड्यांत ती आतून जागी राहते आणि पुढच्या वेळी अडकलेल्या जागेवरूनच पुन्हा सुरू होते. म्हणून पेट्रोल पंपावर क्षणभर चावी बंद-चालू करून काही साधत नाही. गाडी बंद करून, दार उघडून उतरायचं, लॉक करायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. किंवा सिस्टीमचं पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. पुष्कळ मॉडेलमध्ये एवढ्यानं ती नव्यानं उठते. आपल्या गाडीत कोणतं बटण, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतं.

बॅटरीची तार काढणं हा शेवटचा उपाय. त्यानं घड्याळ आणि साठवलेली रेडिओ केंद्रं पुसली जाऊ शकतात, आणि काही सिस्टीम पुन्हा सुरू होताना कोड मागतात. हे काम गॅरेजवाल्याच्या हातचं.

नोंद: आईच्या अंगणात बटण दाबून धरलं. स्क्रीन काळी झाली, मग कंपनीचं चिन्ह आलं, जोडणी झाली. येताना सगळं नीट. पुढच्या शनिवारी पुन्हा अडकली.

*

विसरायचं दोघांनी.

फोनच्या यादीतून गाडी काढली, पण गाडीच्या यादीत फोन तसाच राहिला, तर गाडी जुनी खूण धरून बसते आणि फोन तिला ओळख देत नाही. चकरी फिरत राहते ती बऱ्याचदा इथे. फोनमध्ये 'फॉर्गेट', गाडीत 'डिलीट', मग दोन्ही बंद-चालू आणि मग नव्यानं पेअर. पेअर करताना फोन जी जी परवानगी विचारतो ती वाचून द्यायची. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून 'जवळची उपकरणं' अशी वेगळी परवानगी आली. ती घाईत नाकारली गेली तर पुढचं सारं अडतं.

बॅटरी वाचवण्याचं सेटिंगही पाहून घ्यावं. फोन पडद्यामागची ॲप झोपवतो आणि गाडीशी बोलणारं ॲपही त्यांत सापडतं.

नोंद: दोन्हीकडून माझा फोन पुसला, डिचोलीत नव्यानं जोडला. परतताना उत्तम. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

*

नकाशा थिजला म्हणजे जोडणीच अडकली असं नसतं. इब्रामपूर, हणखणेच्या बाजूला गेलं की डोंगराआड रेंज जाते. तेव्हा बाण पुढे सरकतो, कारण जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, पण बाणाखालची जमीन कोरी राहते. घरच्या वाय-फायवर पेडणे, बार्देश, डिचोली आणि दोडामार्गचा नकाशा आधीच उतरवून ठेवला की हा त्रास जातो.

हद्दीवर महाराष्ट्रातला टॉवर पकडला म्हणून जोडणी तुटते, असंही मला एकानं सांगितलं. तसं नाही. दूरसंचाराच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा हे एकच सर्कल आहे. आणि फोन ते गाडी ही हातभराची वाट टॉवरवरून जातच नाही.

*

आपल्या तोंडी पेडणे, डिचोली. नकाशावर पोर्तुगीज काळापासूनचं स्पेलिंग, आणि ते वाचणारा आवाज म्हणतो 'पेर्नेम', 'बिचोलिम'. पोर्तुगीजांनी शेवटी जो 'म' लिहिला तो नाकातल्या उच्चाराची खूण म्हणून. यंत्र तो ओठ मिटून वाचतं. आईनं एकदा ऐकून विचारलं, "हा कुठल्या गावाला नेतोय तुला?" बोलून पत्ता सांगताना 'डिचोली' म्हटल्यावर यंत्र गप्प राहिलं, तर ते हँग झालंय असं लगेच समजू नये. कळलं नसेल. आपली गावं आपल्या नावांनी यंत्रात यावीत असं मला मनापासून वाटतं. नकाशात जागेचं नाव सुचवायची सोय असते. मी आमच्या वाड्याचं नाव देवनागरीत पाठवलं आहे.

*

घड्याळ बघा, असं कोणी सहसा सांगत नाही. फोन आणि गाडी एकमेकांची ओळखपत्रं तपासतात आणि प्रत्येक ओळखपत्राला मुदत असते. गाडीची तारीख चुकून कित्येक वर्षं मागे गेली, तर खरं ओळखपत्रही अमान्य ठरतं.

तारीख मागे जाऊ शकते. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडा मोजायला दहाच बिट आहेत, म्हणून १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री ती तशी आली. जानेवारी २०२२ मध्ये जगभरातल्या बऱ्याच जुन्या होंडा गाड्यांची घड्याळं २००२ सालात जाऊन बसली आणि ऑगस्टपर्यंत तिथेच राहिली.

नोंद: आमच्या गाडीची तारीख बरोबर आहे.

*

त्याच जानेवारीत अमेरिकेत सिॲटलच्या आसपास आणखी एक प्रकार झाला. २०१४ ते २०१७ च्या काही माझदा गाड्यांचा रेडिओ ९४.९ या एकाच केंद्रावर अडकला. केंद्र हलेना, ब्लूटूथ लागेना, नकाशा दिसेना. त्या केंद्रानं रेडिओलहरींबरोबर पाठवलेल्या चित्राच्या फाइलीला नावापुढचं शेपूट नव्हतं. गाडीच्या सिस्टीमला फाइल कसली ते कळलं नाही आणि ती पुन्हा पुन्हा उठून पुन्हा पुन्हा पडत राहिली.

हे वाचलं तेव्हा धीर आला. मालकांनी काहीच चुकीचं केलेलं नव्हतं. बाहेरून येणाऱ्या एका गोष्टीनं गाडी अडवली होती. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं: 'बाहेरून काय येतंय?'

*

गोव्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक टिपण. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची गाडी घेतलीत आणि तिला फोन जोडलात, तर तुमची नंबरांची यादी तिच्यात उतरते. परत देताना गाडीच्या यादीतून आपला फोन काढा. नंतर येणाऱ्यालाही मदत होते, कारण यादी भरली की पुष्कळ सिस्टीम नवा फोन घेत नाहीत.

*

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२० पासून गाडी चालवताना हातातला फोन वापरता येतो तो फक्त वाट शोधण्यापुरता, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. ताशी साठच्या वेगानं गाडी एका सेकंदात सोळा मीटरच्या वर जाते. स्क्रीनवर तीन सेकंद नजर अडकली तर पन्नास मीटर आपण न बघता गेलो. मुळगावच्या वळणांवर तेवढ्यात शाळेची मुलं रस्ता ओलांडतात. या वहीतली प्रत्येक खटपट गाडी कडेला लावून, हँडब्रेक ओढून केलेली आहे.

*

नऊ शनिवारांच्या नोंदी एका बैठकीत वाचल्या.

'कुठे' या रकान्यात प्रत्येक बिघाडापुढे एकच शब्द होता: घर. डिचोलीहून निघताना जोडणी एकदाही अडकली नव्हती. मध्ये एका शनिवारी अंगणात वाळू टाकलेली होती, म्हणून गाडी देवळाजवळ लावली होती. त्या दिवशीही पूर्ण वाटभर नकाशा नीट होता. म्हणजे फोन नव्हे, केबल नव्हे, धूळ नव्हे, रेंज नव्हे. आमचं अंगण.

पडवीत हे चहा घेत बसले होते. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, तशी कप खाली ठेवून म्हणाले, "अगं, शनिवारी सकाळी माझ्या फोनलाही काहीतरी होतं. कॉल घेतो, तर पलीकडचं काही ऐकू येत नाही. तू फाटकाबाहेर गेलीस की आपोआप बरं होतं. मला वाटलं, फोन जुना झाला."

चवथीच्या आधी, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला हे माझी गाडी घेऊन म्हापशाला गेले होते. तेव्हा त्यांनी आपला फोन गाडीला जोडला होता. पडवीच्या कठड्यापासून गाडी आठ पावलांवर. ब्लूटूथची धाव साधारण दहा मीटर. मी चावी फिरवली की गाडी आधी त्यांचा फोन पकडत होती, माझ्या पर्समधला फोन मागे थांबत होता. मी फाटकाबाहेर पडले की त्यांची जोडणी तुटायची आणि गाडीची सिस्टीम त्या अर्धवट जागी अडकून राहायची. दोन्हीकडून पुसताना मी माझाच फोन पुसला होता. यादीत दुसरं नाव आहे, इकडे लक्षच गेलं नाही.

गाडीच्या सेटिंगमध्ये माझा फोन पहिला ठेवला, त्यांच्या फोनची आपोआप जोडणी बंद केली. दोन मिनिटांचं काम.

*

नोंद: दहावा शनिवार. अंगणातूनच निघाले. नकाशा लगेच आला. अस्नोड्याला आईचा फोन. "आज आवाज खणखणीत येतो गो तुझा," ती म्हणाली. तिला गेल्या नऊ शनिवारांचं सगळं सांगितलं, ते डिचोली येईपर्यंत पुरलं.

वहीत एक रकाना वाढवला आहे: 'घरच्यांना काय जाणवलं?' तो पहिल्या दिवशी असता, तर हे पहिल्याच शनिवारी कळलं असतं.