एक तृतीयांश

भारतात पहिला डिजिटल कॉम्प्युटर कोणी आणला? ऑफिसात चहाच्या वेळी विचारलं तर उत्तरं आली: बँकेने, रेल्वेने, आयआयटीने. खरं उत्तर म्हणजे कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने. १९५५-५६ च्या सुमारास आलेलं एच.ई.सी.-२एम नावाचं ब्रिटिश यंत्र, मेमरी फिरत्या ड्रमवर, फक्त १०२४ शब्दांची. (तुमच्या मोबाइलला सांगू नका, हसेल.) आणि या संस्थेचे संस्थापक कोण, तर प्रशांतचंद्र महालनोबिस. म्हणजे आपण शाळेत 'दुसरी पंचवार्षिक योजना, १९५६ ते १९६१, अवजड उद्योग' असं जे घोकलं, त्यामागचं डोकं.

शाळेत गाडी तिथेच थांबली होती. मागच्या विकांताला त्यांचं १९५५ चं चार क्षेत्रांचं मॉडेल नीट वाचलं, आणि खरं सांगतो, आपल्यापैकीच कोणाचा तरी जुना कोड उघडून बसल्यासारखं वाटलं.

मामला असा. पाच वर्षांत ५,६०० कोटी रुपये गुंतवायचे. उत्पन्न वर्षाला ५ टक्क्यांनी वाढलं पाहिजे आणि १ कोटी १० लाख नवे रोजगार मिळाले पाहिजेत. पैसे चार डब्यांत वाटायचे: यंत्रसामग्री बनवणारे उद्योग, ग्राहकोपयोगी वस्तूंचे कारखाने, शेती आणि घरगुती उद्योग (दोन्ही एकाच डब्यात, हे लक्षात ठेवा), आणि सेवा. म्हणजे अज्ञात चार आणि समीकरणं तीन. आठवीतल्या पोरालाही कळेल की हे असं सुटणार नाही. मग महालनोबिसांनी काय केलं? पहिल्या डब्याची किंमत हाताने घातली. एक तृतीयांश. आपल्या भाषेत हार्डकोड!

हा आकडा आकाशातून पडला नव्हता. कापड विणणारं यंत्र आणलं तर कापड मिळतं. यंत्र बनवणारं यंत्र आणलं तर आज काहीच मिळत नाही, पण वीस वर्षांनी भरपूर कापड मिळतं. तर्क बरोबर आहे. प्रश्न मधल्या वीस वर्षांचा आहे.

त्यांच्याच तक्त्यात एका रोजगारामागे लागणारं भांडवल दिलंय. अवजड उद्योगात २०,००० रुपये, शेती-घरगुती डब्यात २,५००. त्यामुळे पहिल्या डब्यात सुमारे १,८५० कोटी ओतून ९ लाख लोकांना काम, आणि तिसऱ्यात जेमतेम १,१८० कोटी टाकून ४७ लाखांना! रुपयामागे उत्पन्नही तिसऱ्यातच सर्वांत जास्त. १९५९ मध्ये र्‍युतारो कोमिया या जपानी अर्थशास्त्रज्ञाने हेच आकडे वापरून दाखवून दिलं की उत्पन्न आणि रोजगार, दोन्ही याहून जास्त मिळू शकले असते.

घरातूनही आवाज उठले होते. बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्येच अर्थतज्ज्ञांच्या समितीत एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली, की एवढी तुटीची अर्थव्यवस्था झेपणार नाही. मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद म्हणत होते की आधी मजुराच्या पोटाचं बघा. धान्य आणि कापड कमी पडलं तर रोजगार तरी कशाच्या जोरावर वाढवणार? प्रत्यक्ष योजनेत रकमा बदलल्या, पण दिशा महालनोबिसांचीच राहिली.

मॉडेलमध्ये परदेशी चलन हा व्हेरिएबलच नव्हता. भिलाईचा पोलाद कारखाना रशियाच्या मदतीने, राउरकेला जर्मनीच्या, दुर्गापूर ब्रिटनच्या. यंत्रं सगळी बाहेरची. १९५७ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि योजनेला कात्री लावावी लागली.

आणि धान्य? योजना सुरू होऊन पाच महिनेही झाले नव्हते, तर ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० चा करार झाला. आमच्या आजीला पंचवार्षिक योजना ठाऊक नव्हत्या. मिलो मात्र पक्की ठाऊक होती. रेशनवरची ती लाल अमेरिकन ज्वारी, जिची भाकरी धड थापताही येत नसे. शेवटपर्यंत कुठल्याही निकृष्ट वस्तूला ती 'मिलो' म्हणायची. तिसऱ्या डब्यातली माणसं ती हीच.

एवढं होऊनही मला महालनोबिसांचा राग येत नाही. माणसाने प्रत्येक गृहीतक, प्रत्येक गुणक छापून ठेवला होता. म्हणून तर कोमियाला चूक दाखवता आली आणि मला शनिवारी रात्री ते एक्सेलमध्ये टाकता आलं. नियोजन आयोग गेला, १ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला, बारावी योजना २०१७ मध्ये संपली, तेरावी आलीच नाही. तक्ता अजून चालतो.

पहिल्या डब्यात एक तृतीयांशाऐवजी पाव हिस्सा ठेवला आणि उरलेले पैसे तिसऱ्यात टाकले, तर रोजगार सव्वा कोटीच्या थोडे वरच जातात. विसाव्या वर्षी किती कापड मिळेल ते मात्र या शीटमध्ये येत नाही, त्याला दुसरी शीट लागेल. पुढच्या विकांताला बसतो. कोणाला हवी असेल तर सांगा, पाठवतो.