दहावा अडथळा

गेल डेव्हर्सचं नाव ऐकलंय? अमेरिकेची ही धावपटू १९८८ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून सोल ऑलिंपिकला गेली. पण अंगात त्राणच नव्हतं! अडथळ्यांच्या शर्यतीत ती उपांत्य फेरीतच बाद झाली. पुढे वजन घटलं, केस गळू लागले. रोग कळायलाच दोन वर्षं गेली. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बिघडली होती. किरणोपचार झाले, तर पावलं सुजून टम्म! १९९१ मध्ये डॉक्टर पावलं कापायची भाषा करू लागले. उपचार बदलले आणि पावलं वाचली. त्याच वर्षी तिने टोकियोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं.

१९९२ साली बार्सिलोनाला ती शंभर मीटरमध्ये पहिली आली. सांगणारे गोष्ट इथेच संपवतात. मला मात्र पाच दिवसांनंतरची अडथळ्यांची शर्यत आठवते. अडथळे दहा. नऊ पार झाले, गेल सर्वांच्या पुढे. दहाव्याला पाय अडकला! ती धडपडली आणि कोलमडतच रेषेपलीकडे गेली. पाचवी! ती चित्रफीत पाहताना दर वेळी मला वाटतं, आज तरी तो अडथळा पार होईल.

अडथळ्यांमध्ये ती तीनदा जगज्जेती झाली, पण ऑलिंपिक पदक? अटलांटाला १९९६ मध्ये चौथी. शेवटी २००४ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, ती पुन्हा अथेन्सला त्याच शर्यतीसाठी उभी राहिली. पोटरी दुखावलेली होती, पहिल्याच फेरीत थांबावं लागलं. ते पदक राहिलंच.