आसने किती, आसक्ती किती

व्यापारी घरात मोटारीची खरेदी हा केवळ सोयीचा प्रश्न नसतो. पेढीची पत, घरातील माणसांची संख्या आणि श्रावकाचे परिग्रह-परिमाण या तिन्ही गोष्टी त्या एका निर्णयात एकत्र येतात. सांगलीतील एका हळद-व्यापारी कुटुंबात हा प्रश्न असाच उभा राहिला.

घरात माणसे सात आणि मोटार पाच आसनांची. कुंभोजच्या बाहुबलीला किंवा कुंथलगिरीला निघताना कोणीतरी मागे राहत असे, आणि ते ‘कोणीतरी’ म्हणजे आजी, हे न बोलता ठरून गेले होते. “मी इथल्याच मंदिरात दर्शन घेईन,” असे त्या म्हणत. फारसा आग्रहही कोणी करीत नसे.

धाकट्या मुलाने मर्सिडीजची जुनी ई-क्लास पाहून ठेवली होती. 2017 मध्ये भारतात आलेली ही लांब बांधणीची सेदान. दोन चाकांमधील अंतर 3079 मिलिमीटर. सात-आठ वर्षे वापरलेली ती मोटार नव्या इनोव्हा क्रिस्टाच्या जवळपासच्या किमतीत मिळत होती. “अण्णा, दारात अशी गाडी असली की परगावचा व्यापारी सौद्याआधीच निम्मा विश्वास टाकतो,” असे त्याचे म्हणणे. ते अगदीच निराधार नव्हते. मागच्या आसनावरील ऐसपैस जागा आणि लांबच्या प्रवासातील स्वस्थता यांत ती मोटार निश्चितच सरस होती.

अण्णांनी वही काढली. पेढीच्या नावावर घेतल्यास प्राप्तिकरातील घसारा दोहोंना सारखाच, 15 टक्के. चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी मोटारीवरील जीएसटीचे क्रेडिट हळदीच्या व्यापाऱ्याला मिळत नाही, तेव्हा तोही फरक नाही. फरक होता तो पुढील खर्चाचा. जुन्या आलिशान मोटारीची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. इनोव्हा तालुक्याच्या गावीही दुरुस्त होते आणि विकताना गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

मग सूनबाईंनी विचारले, “आसनांना चामडे कशाचे?” आलिशान मोटारींत कधी खरे चामडे असते, कधी कृत्रिम, स्टिअरिंगचे आवरणही पाहावे लागते. जी वस्तू चामड्याची म्हणून मंदिरात नेत नाही, तिच्यावर बसून यात्रेला कसे जावे? मात्र हा प्रश्न एकट्या सेदानचा नव्हता. इनोव्हाच्या वरच्या प्रकारांबाबतही तीच चौकशी करावी लागली आणि शेवटी कापडी आसनांचा प्रकार पाहिला गेला.

एवढे झाल्यावर आजींना दोन्ही मोटारींत बसवून पाहण्याचे सुचले. सेदानमध्ये त्या सहज बसल्या, पण आसन खोल असल्याने उठताना दोघांनी हात द्यावा लागला. इनोव्हाचा तळ उंच. गुडघा वर उचलेना, पायाखाली पाट ठेवावा लागला. म्हणजे त्यांच्या गुडघ्यांपुरता हिशेब बरोबरीतच सुटला. त्या म्हणाल्या, “एकीत चढायला पाट लागतो, दुसरीतून उतरायला हात लागतो. हात देणारे सगळे जिच्यात बसतील, ती घ्या.” धाकटा त्यावर काही बोलला नाही.

इनोव्हा घेतली म्हणून अपरिग्रह साधला, असे नव्हे. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाचे मूळ वस्तूत नाही, मूर्च्छेत म्हणजे आसक्तीत सांगितले आहे. सात आसनांच्या मोटारीचाही अभिमान होऊ शकतो. तिच्या अडचणीही आहेत. तिसरी रांग भरली की मागे सामानाला जागा फार थोडी उरते. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाचे डबे आणि उकळलेल्या पाण्याची भांडी पायांशी ठेवावी लागतात. परंतु कुंथलगिरीला निघताना आता घराला कुलूप लागते. मागे कोणी राहत नाही. पेढीच्या पतीचे म्हणाल, तर ती पूर्वीप्रमाणेच वेळेवर चुकवलेल्या देण्यावर उभी आहे.