एका हाताची अक्षरजुळणी

मराठी टाइप करताना शिफ्टची कळ किती वेळा दाबावी लागते, हे दोन्ही हात धड असलेल्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. मी शालेय पुस्तकांची अक्षरजुळणी करते. स्कूटरवरून पडले आणि मानेतून उजव्या हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या, काही तुटल्या. डॉक्टर त्याला ब्रेकियल प्लेक्सस इंज्युरी म्हणतात. दुचाकीच्या अपघातांत ती पुष्कळांना होते. शस्त्रक्रिया झाली. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे खांद्यापासून बोटांपर्यंतचा तिचा प्रवास फार लांबचा, आणि ती पोचेलच असंही नसतं. माझी पोचली नाही. उजवा हात आता पट्ट्यात असतो.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर काना, मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताला आहेत आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. दोन हातांसाठी ही वाटणी उत्तम आहे. एक हात अक्षर टाकतो, दुसरा त्याला काना-मात्रा देतो. शिवाय एकेका कळेवर दोन अक्षरं. नुसती दाबली तर क, शिफ्ट धरून दाबली तर ख. ग-घ, त-थ, द-ध, ब-भ सगळे तसेच. इंग्रजीत मोठं अक्षर अधूनमधून येतं, मराठीत शिफ्ट पावलोपावली लागते. 'आणि' लिहायला ती दोनदा हवी, 'शाळा' लिहायलाही दोनदा. पाठ्यपुस्तकात हे दोन शब्द किती वेळा येतात ते सांगायला नको.

एकट्या डाव्या हाताने 'शाळा' लिहायची तर करंगळी डाव्या शिफ्टवर रोवायची आणि पंजा फाकवून दुसरं बोट 'एम'च्या कळेपर्यंत न्यायचं, की श उमटतो. मग वर जाऊन काना. पुन्हा करंगळी शिफ्टवर, पुन्हा पंजा ताणून 'एन', तिथे ळ. पुन्हा काना. 'ध'साठी सगळा हात पलीकडे नेऊन अंगठ्याने उजवी शिफ्ट धरायची आणि मनगट वाकडं करून 'ओ' गाठायचा. पान संपेपर्यंत मनगट ठणकू लागायचं. "हा हात आता दोघांचं काम करतोय, ह्याला जपा," असं ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई मला दर भेटीत बजावायच्या. त्यांनीच एक दिवस लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबली. पडद्यावर चौकट आली : स्टिकी कीज सुरू करायच्या का?

ही चौकट आमच्या ऑफिसात प्रत्येकाने पाहिलेली होती. गेम खेळणारी मुलं शिफ्ट बडवतात तेव्हा ती मध्येच उगवते आणि मुलं वैतागून ती बंद करतात. ती कोणासाठी आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ती सुरू केली की शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. एकदा दाबून सोडायची, पुढच्या कळेला ती आपोआप लागू होते. दोनदा दाबली तर तिसऱ्यांदा दाबेपर्यंत अडकून राहते. कंट्रोल आणि ऑल्टचंही तसंच. म्हणजे 'शाळा' झाली सहा ठोक्यांची : शिफ्ट, श, काना, शिफ्ट, ळ, काना. एका बोटानेही जमेल. त्या दिवशी मी 'शाळा' हा एकच शब्द ओळभर लिहीत बसले होते. बाईंनी थांबवलं नाही.

नंतर मी ह्याबद्दल वाचलं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात ग्रेग व्हँडरहायडन हे १९७१ साली, विद्यार्थी असताना, सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलाला आपलं म्हणणं मांडता यावं म्हणून साधन तयार करत होते. त्यातून तिथलं ट्रेस सेंटर उभं राहिलं, आणि कळफलकाच्या ह्या सोयी त्या केंद्राच्या कामातून आल्या. विंडोज ९५पासून त्या संगणकातच असतात, वेगळे पैसे पडत नाहीत. मला नोकरी टिकवता आली ती त्यांच्यामुळे, आणि त्या माणसांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

एक खोच मात्र सांगायला हवी. दोन कळा एकत्र दाबल्या गेल्या की स्टिकी कीज मुकाट्याने बंद होतात, मूळ सेटिंगच तसं असतं. सहकारी प्रेमाने येऊन "मी करून देतो" म्हणत दोन्ही हातांनी टाइप करून जातात, आणि मागे माझे सगळे ख क होऊन बसतात. सेटिंगमध्ये जाऊन तेवढी एक खूण काढली की प्रश्न मिटतो.

थेरपीला येणारी एक मुलगी आता माझ्याकडे टायपिंग शिकते. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. तिचं बोट कळेवर गेलं की चटकन उचललं जात नाही आणि 'क'ची ककककक अशी माळ लागते. त्यावर फिल्टर कीज. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली की त्या विचारणा करतात. मग चुकून लागलेला धक्का किंवा लागोपाठचा दुसरा ठोका संगणक सोडून देतो. पण तिचा हात सरकत शेजारच्या कळांवरही जायचा. त्यासाठी कीगार्ड हवं, म्हणजे कळफलकावर बसणारी भोकांची पट्टी. विकत मिळेना, तेव्हा आम्ही नेमप्लेट बनवणाऱ्याकडे गेलो. कीबोर्डवर कागद ठेवून पेन्सिल घासली, कळांचा ठसा उमटला, त्यावरून त्याने ॲक्रिलिक लेझरने कापून दिलं. कडा बोचत होत्या, त्या पॉलिश पेपरने घासल्या. आता ती पंजा निर्धास्त पट्टीवर टेकते, सरकवत नेते आणि हव्या त्या भोकात बोट सोडते. "मावशी, हात टेकला तरी काही उमटत नाही!" हे तिने मला पुन्हा पुन्हा करून दाखवलं.

लोक म्हणतात, आता बोलून टाइप करता येतं की. येतं. गूगलने २०१७मध्ये मराठीची सोय केली आणि लांब मजकुराला मीही ती वापरते. पण प्रुफातला एक उकार दुरुस्त करायला, कोष्टकाच्या रकान्यात आकडा टाकायला कळच लागते. आणि ह्या मुलीचं बोलणं घरच्यांना कळतं, यंत्राला कळत नाही. आवाजाची सोय आली म्हणून कळफलकाची सोय मागे पडू देणं मला मुळीच मान्य नाही.

गेल्या खेपेस ती संगणकावरच्या एका परीक्षेला बसली. नियमाप्रमाणे तासाला २० मिनिटं जादा मिळाली. पण केंद्रावरच्या संगणकांची सेटिंग कुलूपबंद होती, शिफ्ट आठ सेकंद धरली तरी काही होईना, आणि कीगार्ड तिथल्या कीबोर्डवर बसेना कारण कळांची मापं वेगळी. जादा वेळ तिचा ककककक खोडण्यात गेला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे, आणि गरजेनुसार वाजवी सोय नाकारणं म्हणजे भेदभाव, असं त्यात म्हटलेलं आहे. पर्यवेक्षक वाईट नव्हते. त्यांच्याकडच्या कागदावर फक्त वेळ आणि लेखनिक एवढेच रकाने होते. तिला लेखनिक नकोय, तिला स्वतः लिहायचंय.

ह्या वेळी अर्ज आम्ही दोघींनी मिळून टाइप केला. स्टिकी कीज आणि फिल्टर कीज सुरू ठेवाव्यात, स्वतःचा कीबोर्ड कीगार्डसह जोडू द्यावा आणि आदल्या दिवशी तो लावून पाहू द्यावा, एवढ्या तीन मागण्या. उत्तर आलं नाही तर मी स्वतः जाऊन विचारणार आहे.