बर्फ, बाग आणि आमची सहल

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या गावात घराबाहेर पाऊल टाकायचे तर कारण लागते. माणसे लग्नाला जातात, मयतीला जातात, दवाखान्याला, तहसिलीला, बाजाराला, ऊसतोडीला जातात. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जातात, नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरीला, रामनवमीला जांबसमर्थला, आषाढीला पंढरीला. शाळेत व्याकरणाच्या तासाला 'ला' हा प्रत्यय शिकताना मला नेहमी वाटायचे, की हा प्रत्यय आमच्या गावासाठीच जन्माला आला असावा. ज्याच्या पुढे 'ला' लावता येत नाही, तिथे आमचे कोणी जात नाही!

'फिरायला' या शब्दालाही तो प्रत्यय आहे, हे खरे. पण 'फिरायला चाललो' असे कोणी म्हटले, की समोरचा माणूस त्याच्याकडे जरा काळजीनेच पाहतो.

अशा घरात यंदा दिवाळीनंतर एक प्रश्न उभा राहिला. मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी झाली. आमच्या मोसंबीच्या बागेत फळगळ झाली. तरीही उरलेला माल बऱ्या भावाने गेला, सोसायटीचे देणे फिटले, आणि अण्णांच्या हातात कित्येक वर्षांनी कोणाचे नसलेले असे थोडे पैसे राहिले. ते बघून नववीतला माझा धाकटा भाऊ म्हणाला, "अण्णा, आपण बर्फावर घसरायला जाऊ."

त्याने मोबाईलवर पाहिले होते. पायाला दोन लांब पट्ट्या बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि पांढऱ्याशुभ्र डोंगरावरून सूं करीत खाली यायचे. त्याला स्कीइंग म्हणतात. आमचा एक चुलतभाऊ फौजेत आहे. गुलमर्गला सैन्याची अशी शाळाच असून तिथे जवानांना बर्फावर चालायला, लढायला आणि घसरायला शिकवतात, हे त्याने सुट्टीवर आला तेव्हा सांगितले होते. तेव्हापासून बर्फ माझ्या भावाच्या डोक्यात बसला होता.

आजी तंबाखू मळत बसली होती. ती म्हणाली, "बर्फ पाहायला पैसे मोडायचे? आपल्याकडं तर फुकट पडतोय की!"

सगळे हसले. पण अण्णा हसले नाहीत.

आजीच्या बोलण्याचा अर्थ आमच्या जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा मी दुसरीत होते. पत्र्यावर कोणी खडीचा ट्रक रिकामा करावा तसा आवाज झाला आणि नंतर अंगण पांढरे झाले. आम्ही पोरे गारा वेचायला धावलो. अण्णा मात्र बांधावर बसून राहिले होते. पुढे ११ फेब्रुवारी २०१८, रविवार. पुन्हा तेच. हरभरा आडवा, ज्वारी आडवी, झाडांच्या साली सोललेल्या. त्याआधी २०१२-१३ च्या दुष्काळात तर पाण्यावाचून जिल्ह्यातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोकांनी त्या कुऱ्हाडीने तोडल्या. आमची अर्धी बाग तेव्हाच गेली. म्हणून पांढरा रंग दिसला, की अण्णांच्या मनात काय येत असेल, ते मी जाणते.

तरीही अण्णा 'नाही' म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "शिकलेली तूच हायेस. कुठं जायचं, किती लागतं, समदं कागदावर मांड. मग पाहू."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे रेशनकार्डाच्या अर्जापासून पीकविम्यापर्यंत सगळे कागद माझ्याकडे येतात. पण सहलीचा कागद मी पहिल्यांदाच मांडत होते. वहीच्या पानावर रेघा ओढल्या आणि गावांची नावे लिहिली.

पहिले नाव गुलमर्ग. साडेआठ हजार फुटांहून उंच असलेले ते पठार. तिथली गोंडोला, म्हणजे दोराला लटकलेली खोली, माणसाला अफरवटच्या डोंगरावर जवळजवळ तेरा हजार फुटांपर्यंत नेते. भाऊ त्या नावावर बोट ठेवून बसला. पण आई म्हणाली, "काश्मीर नको." टीव्हीवर पाहिलेले ती विसरली नव्हती. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ माणसे मारली गेली, त्यांत महाराष्ट्रातले सहाजण होते. तीही माणसे आमच्यासारखीच कुटुंबाला घेऊन हिरवळ पाहायला गेली होती. त्यांना वाचवू पाहणारा तिथला एक घोडेवालाही त्यात मारला गेला. त्यानंतर पाहुणे येईनासे झाले आणि तिथल्या घोडेवाल्यांचा, हॉटेलातल्या पोरांचा हंगाम हातचा गेला. उभे पीक एका दिवसात जाणे म्हणजे काय, हे आमच्याहून जास्त कोणाला कळणार? मी त्या नावावर काट मारली नाही. समोर 'पुढे कधीतरी' असे लिहिले.

दुसरे नाव औली. हे उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात आहे. देवदाराच्या रानातले उतार आणि समोर नंदादेवीचे शिखर. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या होत्या. नवख्यांना सात दिवसांत आणि चौदा दिवसांत स्कीइंग शिकवण्याचे वर्ग तिथले गढवाल मंडळ विकास निगम चालवते. औली जोशीमठाच्या डोक्यावर आहे. त्या गावाला आता ज्योतिर्मठ म्हणतात. हिवाळ्यात बद्रीनाथाचे दार बंद झाले, की शंकराचार्यांची गादी खाली याच गावातल्या नृसिंहाच्या मंदिरात येते. मी हे वाचून दाखवताच आजीने तंबाखू मळणे थांबवले. "म्हंजी देव बी आपल्यासारखा थंडीत खाली येतो व्हय?" एवढ्या एका गोष्टीने औलीला आजीचे मत मिळाले.

पण मी पुढचेही वाचले. जानेवारी २०२३ मध्ये त्याच गावाची जमीन खचू लागली. शेकडो घरांना तडे गेले, माणसे भर थंडीत घर सोडून छावणीत राहिली. गावातून औलीला नेणारा चार किलोमीटरचा रोपवेही तेव्हाच बंद करावा लागला. हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्यांच्या घराला चीर गेली, त्यांच्या दारावरून घसरायला जायचं?" मी म्हटले, पाहुणे गेले नाहीत तर त्यांनी पोट कशावर भरावे? या प्रश्नाचे उत्तर आम्हा दोघांनाही सापडले नाही. या वहीत बेरीज-वजाबाकीपलीकडचाही हिशेब मांडावा लागणार, हे मात्र कळले.

तिसरे नाव मनालीजवळच्या सोलंगचे. तिथे एका दिवसासाठीही पट्ट्या भाड्याने मिळतात. पण प्रवास तितकाच लांब.

नावांपेक्षाही एक गोष्ट वाचून मी चकित झाले. बर्फाचाही दुष्काळ पडतो! जानेवारी २०२४ मध्ये ऐन हिवाळ्यात गुलमर्गचे उतार उघडे, तपकिरी पडले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. औलीच्या स्पर्धाही २०२३ मध्ये याच कारणाने रद्द झाल्या. हे मी सांगितले तेव्हा अण्णांना पहिल्यांदा त्या डोंगरातल्या लोकांविषयी आपुलकी वाटली. "म्हंजी त्येबी आभाळाकडंच पाहतेत," ते म्हणाले. ज्याला आपण मौज समजतो, तीसुद्धा कोणाची तरी कोरडवाहू शेती असते, हे माझ्या ध्यानात आले.

आता खर्च. जालन्याहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, तिथून हरिद्वार-ऋषिकेश, आणि पुढे सुमारे अडीचशे किलोमीटर घाटाचा रस्ता. पाच माणसांचे जाणे-येणे, राहणे, भाड्याचे गरम कपडे, भावाचा वर्ग असे सगळे धरून माझा आकडा सत्तर हजारांच्या पुढे गेला. आणि एवढे करून घसरणार एकटा भाऊच. आजीचे गुडघे अंगणातली पायरीसुद्धा मोजून उतरतात. आई आणि अण्णा बर्फाच्या कडेला बसून राहणार. मग ही कुटुंबाची सहल कसली? तेव्हा मी वहीत आणखी एक रकाना केला, 'तिथे कोण काय करणार?' ज्या गावापुढे पाचही रकाने भरतील, ते गाव खरे.

राहिला दिवसांचा प्रश्न. बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा आमच्याकडे कापसाची शेवटची वेचणी, हरभऱ्याला पाणी, आणि रात्रीची वीज असली तर रात्रीचे पाणी. मोकळे दिवस कोणते? एकच जागा सापडली. आंबे बहार धरायचा म्हणून डिसेंबरात मोसंबीचे पाणी तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. महिना-सव्वा महिना झाडांना पाणी नाही, खत नाही, काही काम नाही. पाने पिवळी पडतात, थोडी गळतात. मग पाणी सोडले, की नवी पालवी आणि फुले एकदमच येतात. ज्या झाडाला विसावा मिळत नाही, ते धड बहरत नाही. हे अण्णा बागेत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात.

त्या रात्रीही ते तेच सांगत होते. आई चुलीपुढे होती. तव्यावरची भाकरी उलटत, मागे न बघता ती म्हणाली, "बागीला वर्साला सुट्टी देता. मला कधी दिली?"

ओसरीवर कोणी बोलले नाही. आई भांडणाऱ्यांतली नाही. तिने आवाजही चढवला नव्हता. मी मनात हिशेब केला. लग्नाला एकवीस वर्षे झाली. या एकवीस वर्षांत आई माहेरी गेली ती बाळंतपणाला आणि लग्नकार्याला. पंढरपूरला गेली तेव्हा दिंडीत पन्नास माणसांच्या भाकरी थापल्या. जालन्याच्या दवाखान्यात आजीजवळ आठ दिवस राहिली. घर बदलले तरी चूल तिच्याबरोबरच गेली. वहीत तिच्या नावापुढचा रकाना रिकामा होता, कारण तिला काय आवडेल, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नव्हते. मी विचारले, "आई, तुला कुठं जायचंय?"

ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "कुठं बी. पर सैपाक दुसऱ्यानं करायचा. अन् समदे संगं पाहिजेत."

अण्णांनी वही मागितली. त्यांना वाचायला वेळ लागतो. त्यांनी प्रत्येक नावावरून बोट फिरवले आणि विचारले, "जवळ कुठं थंडी हाये का?"

मग मी चिखलदऱ्याचे नाव लिहिले. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या मेळघाटात, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांवर. तिथे कॉफीची झाडे आहेत. भीमाने कीचकाला मारून याच दरीत टाकले, अशी कथा सांगतात. जवळच गाविलगड. देवी पॉइंटला खडकातली देवी आहे, म्हणजे आजीचा रकाना भरला. देऊळगावराजा, चिखली, अकोला, परतवाडा करीत एका दिवसात पोचता येते. अण्णांचा रकाना भरला, कारण तार आली तर परत फिरता येते. (आता तार येत नाही, ती सेवा २०१३ मध्येच बंद झाली. पण आमच्या घरात वाईट बातमी अजूनही 'तार' म्हणूनच येते.) हॉटेलात जेवण, आईचा रकाना भरला. पाचांचा खर्च पंधरा हजारांच्या आत.

भावाचा चेहरा पडला. चिखलदऱ्याला गारठा असतो, बर्फ नसतो. अण्णा त्याला जवळ घेऊन म्हणाले, "दहावी होऊ दे. मंग तू अन् ताई जा त्या देवाच्या गावाला, मी पैसे देतो." माझे नाव त्यांनी सहज घेतले. पोरीने दिल्लीच्या पुढे जायचे, तेही फिरायला! आमच्या भावकीत या वाक्यावर महिनाभर चर्चा होईल. मी काही बोलले नाही. फक्त वहीत औलीच्या पुढे दोन नावे लिहून ठेवली.

ठरले. जानेवारीचा पहिला आठवडा, तीन दिवस, बागेचा ताण सुटायच्या आत. म्हशीची धार काकू काढणार आहे, आणि पुढे ती माहेरी जाईल तेव्हा आई तिच्या म्हशीचे पाहणार आहे. आजीने आतापासून गोधडी बांधून ठेवली आहे. हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा आम्ही जाऊन आलेलो असू, आणि बाग फुलावर असेल.

परवा विहिरीवर शेजारच्या मावशींनी आईला विचारले, "काय गं, चिखलदऱ्याला चाललात म्हणे? कोणाचं लगीन हाये? का नवस हाये?"

आईने कळशी कमरेवर घेतली, पदर सावरला.

"काहीच न्हाई," ती म्हणाली, "उगीच चाललोत."