हाक मारण्याजोगे नाव

वाचकहो, बाळाचे नाव काय ठेवावे, हा काही डॉक्टरला विचारण्याचा प्रश्न नव्हे. तरीही साताऱ्यातील माझ्या दवाखान्यात तान्हे बाळ घेऊन आलेली आजी तपासणी आटोपल्यावर हमखास म्हणते, ‘‘डॉक्टरीणबाई, ‘स’ अक्षर आलंय, एखादं चांगलं नाव सुचवा की.’’ मी हसून विषय टाळीत असे. गेल्या वर्षी मात्र हा प्रश्न आमच्याच घरात येऊन बसला.

माझे माहेर सांगलीचे. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नोकरीनिमित्त वेल्समधील कार्डिफ येथे राहते. तिला कन्यारत्न झाले आणि आठवडाभरात तिने कळवले की, बाळाचे नाव वेल्श भाषेतले ठेवणार. तीन नावे तिने पाठवली होती. ऐरा म्हणजे हिम. कॅरिस हे प्रेमवाचक धातूपासून बनलेले. आणि सेरेन म्हणजे तारा. बहिणीने ऐराचे तत्काळ ‘ऐरागैरा’ करून टाकले. मेहुण्यांनी विचारले, ‘‘आपल्याकडे नावांचा दुष्काळ पडलाय का?’’ अखेर समजूत घालण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात डॉक्टरचे ऐकतात असा एक समज आहे.

भाचीला फोन केला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘‘मावशी, इंग्रजीच्या अगदी उंबऱ्याशी राहून टिकलेली भाषा आहे ही. एकोणिसाव्या शतकात कितीतरी शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. तरी आज पाच लाखांहून अधिक लोक ती बोलतात. माझी मुलगी या मातीत जन्मली. तिच्या नावात या मातीचं काही असलं, तर आपलं काय कमी होणार आहे?’’ तिने आणखी एक गंमत सांगितली. जुन्या काळी वेल्समध्ये आडनावे नव्हती. मुलीच्या नावापुढे ‘अमक्याची मुलगी’ या अर्थाचा शब्द आणि मग वडिलांचे नाव येई. ही रीत आपल्याला परकी वाटू नये. आपण तर आता एक पाऊल पुढे आहोत: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात वडिलांच्या आधी आईचेही नाव लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे.

मला उत्तर सुचले नाही. तरीही पुढच्या रविवारी मी सांगलीला निघाले. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि घरातला शेवटचा शब्द तिचा असतो.

त्या प्रवासात मला एक जुना प्रसंग आठवत राहिला. तुमच्यापैकी अनेकांना ‘नकुसा’ हे नाव ठाऊक असेल. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली की तिला नकुसा किंवा नकुशी म्हणायचे, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल, अशी समजूत. २००१च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली सातारा जिल्ह्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ होत्या. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४चा. पण ज्या मनोवृत्तीने हे नाव दिले, तीच पुढे सोनोग्राफीच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिली. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एक आगळे बारसे झाले. जिल्ह्यातील २८५ नकुसांना नवी नावे आणि त्यांची प्रमाणपत्रे देण्यात आली. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली.

त्यानंतर काही आठवड्यांनी आठवीतली एक मुलगी तापासाठी माझ्याकडे आली. लहानपणापासूनची पेशंट. मी सवयीने केसपेपरवर लिहिले, नकुसा. ती मान खाली घालून म्हणाली, ‘‘मॅडम, माझं नाव आता पूजा आहे.’’ मी खोडून नवे नाव लिहिले. पण तेरा वर्षे ते नाव मी स्वतःच्या हाताने लिहीत होते आणि एकदाही माझे पेन थांबले नव्हते. तिचे वजन मी नोंदवले, रक्तातले हिमोग्लोबिन तपासले, लोहाच्या गोळ्या दिल्या. दिवसातून पन्नासदा ‘नको असलेली’ अशी हाक ऐकणाऱ्या मुलीला भूक का लागत नाही, हे मात्र मी कधी विचारले नाही.

येथे एक भेद सांगायला हवा. आपल्याकडे धोंडू, दगडू, केरबा अशीही नावे आहेत. मुले जगत नसत, तेव्हा पुढच्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून ती ठेवली जात. ती कानाला ओबडधोबड वाटतात, पण त्यांमागे ‘हे बाळ जगू दे’ अशी आर्जवी प्रार्थना असते. नकुसा या नावात प्रार्थना आहे ती दुसऱ्याच बाळासाठी. म्हणून नावाचा अर्थ कोशात जितका असतो, तितकाच ते देणाऱ्याच्या मनात असतो.

सांगलीला पोहोचल्यावर आईला तिन्ही नावे सांगितली. तिने अर्थ विचारले. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, ‘‘माझं माहेरचं नाव तुला माहीत आहे ना?’’

माहीत होते. तासगावकडच्या शेतकरी घरातली ती चौथी मुलगी. लग्नात तांदळावर अंगठीने ‘सुमती’ लिहिले गेले, तोवर ती नकुशीच होती. आमच्या घरात ही गोष्ट गमतीने सांगितली जाई आणि आम्हीही हसत असू. २०११मध्ये साताऱ्यातल्या त्या मुलींविषयी मी फोनवर तिला भरभरून सांगितले होते. तेव्हा ती नुसती ‘‘बरं झालं’’ एवढेच म्हणाली होती. त्या दोन शब्दांत काय होते, ते मला इतक्या वर्षांनी कळले.

आई म्हणाली, ‘‘मला दोन नावं मिळाली. एक बापानं दिलं, एक सासरनं. मला कोणी विचारलं नाही, आणि अर्थ तर कोणी बघितलाच नाही. ही पोरगी रात्र रात्र जागून अर्थ शोधतेय. भाषा कुठली का असेना.’’ मग ती उठली, दारापाशी गेली आणि अंगणाकडे तोंड करून तिने तिन्ही नावांनी एकेक हाक मारली. तिसरी हाक मारून वळली. ‘‘हे चालेल. हाक लांब जाते.’’

सेरेन आणि तारा हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघाले, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. मी ते आईला सांगितले. तिला त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही.

वाचकहो, आता कोणी नाव विचारले, तर मी विषय टाळत नाही. अक्षर कोणतेही असो. नाव घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाच्या जिभेवर बसते का, ते मोठ्याने हाक मारून पाहा. ज्या भाषांत मूल वाढणार, त्या साऱ्यांत त्याचा अर्थ तपासा. साधारण पाच महिन्यांच्या सुमारास बाळ आपल्या नावाचा ध्वनी ओळखू लागते. म्हणून ते प्रेमाने आणि वारंवार घ्या. वर्षाचे होऊनही बाळ हाकेला वळत नसेल, तर श्रवण आणि विकास यांची तपासणी अवश्य करून घ्या. आपल्याकडे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरले नसले, तरी नोंद थांबवू नका. नाव पुढे वर्षभरात विनाशुल्क घालता येते. आणि तुमच्या घरी, शेजारी कोणी नकुसा असेल, कितीही वयाची, तर तिला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, हे एकदा विचारा.

मी त्या रात्री निघण्यापूर्वी आईला विचारले. ती लाजून म्हणाली, ‘‘सुमती बरं आहे. पण लहानपणी मला वाटायचं, आपलं नाव चंद्रा असावं.’’

आता रविवारी सांगलीहून कार्डिफला व्हिडिओ कॉल लागतो. आई पडद्याच्या अगदी जवळ जाऊन हाक मारते, ‘‘सेरण!’’ उच्चार चुकतो, पण पणती तिच्याकडे वळून पाहते.